नववी-दहावीला इंग्रजी: धडा शिकवू की बोलायला शिकवू?

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या हायस्कूलला मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. वर्गात साठच्या आसपास पोरं, तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच हजेरी आणि "बाई पाणी पिऊन येऊ का" यात जातात. धडा शिकवायची आमच्याकडची पद्धत तुम्हाला माहितीच असेल, एक ओळ वाचायची, तिचं मराठी सांगायचं, पुढची ओळ. धडा संपला की प्रश्नोत्तरं फळ्यावर, पोरं उतरवून घेणार, परीक्षेत तीच लिहिणार. मार्क पडतात, त्याबद्दल तक्रार नाही.

पण परवा शाळेत बाहेरचे पाहुणे आलेले, त्यांनी दहावीतल्या एका मुलीला इंग्रजीतून विचारलं की तू शाळेत कशी येतेस. पोरगी हुशार, इंग्रजीत सत्तरच्या खाली कधी उतरत नाही. प्रश्न तिला कळला होता, चेहऱ्यावर दिसत होतं, पण तोंडातून "बस" एवढाही शब्द निघेना, नुसती माझ्याकडे बघत राहिली. पाहुणे गेल्या गेल्या मुख्याध्यापकांचं फर्मान निघालं, शनिवारी स्पोकन इंग्लिशचा जादा तास घ्या. आणि स्टाफरूममधे एक सर म्हणाले, अहो मॅडम त्या कविताबिविता सोडा आता, आपल्या पोरांना साहित्य काय करायचंय, चार वाक्यं धड बोलता आली म्हणजे गंगेत घोडं न्हालं.

माझं एम.ए. इंग्रजी साहित्यातलं त्यामुळे ते जरा लागलं, पण सरांचं अगदीच चूक आहे असंही म्हणवत नाही. तर ज्यांनी हे प्रत्यक्ष वर्गात केलंय त्यांनी सांगा, त्याच तासात त्याच धड्यावर गोष्टही शिकवायची आणि पोरांना बोलतंही करायचं हे साठ जणांत जमतं का? मराठी किती चालू द्यायचं? आणि पोर्शन डिसेंबरात संपवायचा असतो हे धरून सांगा प्लीज. यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहिलेत मी, त्यात वीस पोरं असतात आणि खाली गालिचा असतो.

कोयनाकाठ

मॅडम, आधी बोर्डाचा पेपर शांतपणे समोर घेऊन बसा. ८० लेखी, २० अंतर्गत. त्या ८० मधे पाठ करून उतरवता येईल असं नक्की किती आहे ते पेन्सिलीने खुणा करून बघा. पुस्तकातला उतारा आणि कविता, ठीक, तिथे गाईड चालतं. पण न पाहिलेला उतारा आहे, पत्र आहे, भाषण किंवा संवाद लिहा आहे, तक्ता बघून परिच्छेद लिहा नाहीतर परिच्छेद वाचून तक्ता भरा आहे, मातृभाषेत भाषांतराचा छोटा प्रश्न पण आहे. हे सगळं संभाषण कौशल्यच की, फक्त कागदावरचं. पेपर काढणारा तुमच्याच बाजूचा आहे. आपणच पत्राचेसुद्धा नमुने पाठ करायला लावतो आणि मग पोरगं पाणीटंचाईची तक्रार लिहून खाली पुस्तकं लवकर पाठवल्याबद्दल आभार मानून येतं. तपासलेत असे पेपर.

आता त्या २० बद्दल. खरं बोलायचं तर बऱ्याच ठिकाणी ते वाटले जातात. तोंडी परीक्षा म्हणजे "व्हॉट इज युवर नेम" आणि एक कविता म्हणून दाखव, झालं, घे अठरा. बोलायला शिकवायला वेगळा शनिवार कशाला लागतो, त्याचे मार्क आधीच ठरवून दिलेत, आपण त्यांची खैरात करतो.

आणि एक. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, त्याआधी पाचवीपासून होतं. म्हणजे तुमच्या दहावीत बसलेलं पोर गेली नऊ वर्षं रोज इंग्रजीच्या तासाला बसत आलंय. त्याच्याकडे शब्द नाहीत असं मानूच नका. शब्द भरपूर आहेत, ते तोंडाने वापरायची वेळ कुणी आणली नाही.

लातूरकर_पुण्यात

मी शिक्षक नाही, तरी बोलतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर इंजिनियरिंग, आता आयटीत आहे आणि इंटरव्ह्यू पॅनलवर बसावं लागतं. तुमच्या त्या सरांचं बरोबर आहे असं मला वाटतं. मला दहावीला इंग्रजीत चांगले मार्क होते, कवितेचं रसग्रहण पाठ होतं, त्यात ऱ्हाइम स्कीम, अलंकार, सगळं. पण कॉलेजात पहिल्या ग्रुप डिस्कशनला बसलो तेव्हा मधे कसं शिरायचं हेच कळेना. सगळे बोलतायत, मी वाक्य मनात जुळवतोय, जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला. तेव्हा त्या कवितेतला एकही अलंकार कामाला आला नाही. पोरांना फोनवर बोलायला शिकवा, ईमेल लिहायला शिकवा, मीटिंगमधे "सॉरी, मला कळलं नाही, परत सांगता का" हे न लाजता म्हणायला शिकवा. साहित्य ज्याला आवडेल तो पुढे वाचेल.

पेठेतली_बाई

@लातूरकर, रसग्रहण पाठ होतं म्हणता ना, मग कविता तुम्हाला शिकवलीच नव्हती हो कुणी. कवितेचं गाईड शिकवलं.

लातूरकर_पुण्यात

बरं, मान्य. पण मग शिकवली असती तर ग्रुप डिस्कशनला काय फरक पडला असता ते सांगा.

खडूधारी

मी सांगतो, जरा लांबेल. मी नाशिक जिल्ह्यात शिकवतो, वर्ग तुमच्यासारखाच, बाकं जमिनीला ठोकलेली त्यामुळे गोल करून बसणं वगैरे विसरा.

आधी स्पोकनच्या तासाचं सांगतो कारण आमच्याकडे तोही प्रयोग होऊन गेलाय. त्या तासाला काय होतं? "माय नेम इज अमुक, आय ॲम फ्रॉम तमुक, माय फादर इज फार्मर." एक आठवड्यात सगळ्या वर्गाला येतं, आणि सगळ्या वर्गाचं सारखंच येतं. हेही गाईडच आहे, फक्त तोंडी. पुढे गाडी सरकत नाही कारण पोरांकडे एकमेकांना सांगण्यासारखं काही नसतं, शेजारी बसणाऱ्याचं नाव आणि त्याच्या बापाचा धंदा त्याला पहिलीपासून माहितीये, तो कशाला विचारेल? बोलायला आधी काहीतरी अडलेलं लागतं, मतभेद लागतो, नाहीतर एखादी गोष्ट खटकलेली लागते. आणि शाळेत ते फुकटात कुठे मिळतं म्हणाल तर धड्यात.

उदाहरण देतो. रस्किन बाँडची ती चोराची गोष्ट, सीबीएसईच्या दहावीच्या पूरक वाचनाच्या पुस्तकात आहे, मी भाचीच्या पुस्तकातून झेरॉक्स काढून वापरतो. पंधरा वर्षांचा एक चोर पोरगा, तो अनिल नावाच्या लेखकाकडे खोटं नाव सांगून कामाला राहतो, अनिल त्याला लिहायला शिकवायला लागतो. एक दिवस पोरगा गादीखालचे पैसे घेऊन पळतो, स्टेशनवर जातो, पण गाडीत चढत नाही, पावसात भिजतो, नोटा पण भिजतात, आणि रात्री परत येऊन पैसे जागेवर ठेवतो. सकाळी अनिल त्याला चहा देतो, पन्नासची नोट हातात ठेवतो, आणि ती नोट अजून ओलसर असते. अनिल चोरीबद्दल चकार शब्द काढत नाही. गोष्ट तिथेच संपते.

आता यावर "हू वॉज अनिल?" आणि "व्हाय डिड द बॉय कम बॅक?" हे प्रश्न फळ्यावर लिहिले की संपलं, मेली गोष्ट. मी काय करतो, पहिल्या तासाला गोष्ट वाचतो, मी स्वतः वाचतो मोठ्याने, ओळीओळीचं मराठी करत नाही, जिथे अगदीच अडतं तिथे एखादा शब्द फळ्यावर. वाचून झाली की एकच प्रश्न, अनिलला कळलं होतं का? अर्धा वर्ग हो म्हणतो अर्धा नाही म्हणतो, दर वर्षी. मग म्हणतो ओळ दाखवा. पोरं पुस्तकात डोकी घालतात, कधी नव्हे ते स्वतःहून, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं "सर नोट ओली आहे!" इथपर्यंत सगळं मराठीतच चाललेलं असतं आणि मी ते चालू देतो.

दुसऱ्या तासाला खुर्ची. फळ्यासमोर एक खुर्ची ठेवायची, तिच्यात बसणारा तो अनिल. पुढच्या बाकावरच्यांनी मागे तोंड फिरवायचं म्हणजे चौघांचा गट होतो, बाक हलवायला लागत नाही. गटाने पाच मिनिटं मराठीत खल करायचा की अनिलला काय विचारायचं, मग दोन प्रश्न इंग्रजीत लिहायचे. फळ्याच्या एका बाजूला सुरुवाती लिहून ठेवलेल्या असतात, "व्हाय डिड यू", "व्हाय डिडन्ट यू", "व्हेन डिड यू नो", "आर यू शुअर". एवढा आधार लागतोच नाहीतर सगळे "व्हाय यू डिड" करतात, आपल्या मराठी वाक्याची घडण तशी आहे. (सुरुवातीला हा आधार जानेवारीतसुद्धा लागेल असं वाटतं, दिवाळीनंतर पोरं तिकडे बघतही नाहीत.)

मागे एकदा एक मुलगी अनिल होऊन बसली. एरवी हजेरीला "प्रेझेंट" सुद्धा पुटपुटणारी. तिला एका गटाने विचारलं, तुला माहीत होतं तर बोलला का नाहीस. ती थांबली, वर बघितलं आणि म्हणाली, "इफ आय से, ही गो. इफ आय नॉट से, ही स्टे अँड राइट." वर्ग दोन सेकंद गप्प. व्याकरण बघायला गेलात तर त्यात धड क्रियापद नाही. पण लातूरकर साहेब, गोष्टीचं मर्म तिने इंग्रजीत, वर्गासमोर, न पाठ करता सांगितलं, समोरच्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून. तुमच्या ग्रुप डिस्कशनला हेच लागत होतं ना?

तिथल्या तिथे मी चूक काढत नाही. वहीत टिपून घेतो आणि दुसऱ्या दिवशी कुणाचं नाव न घेता चार-पाच वाक्यं फळ्यावर, "हे अजून नीट कसं म्हणता येईल". "ही विल गो", "इफ आय डोन्ट से एनीथिंग" हे तेव्हा शिकवलेलं बसतं कारण ते वाक्य त्यांनी वापरलेलं असतं. व्याकरणाचा वेगळा तास त्या आठवड्यात घेत नाही.

पोर्शनचं म्हणाल तर प्रत्येक धड्याला हा सोहळा करायचा नाही. सत्रात तीन-चार धडे निवडा, ज्यात काहीतरी न बोललेलं आहे, किंवा दोन बाजू आहेत. बाकीचे भराभर उरका. माहितीपर धडे तर पोरं घरी वाचू शकतात, त्यावर तक्ता भरून आणा म्हणायचं, तो तसाही पेपरात येतोच.

चैत्रपालवी

बापरे, हे वाचून अंगावर काटा आला, इफ आय नॉट से ही स्टे. थँक्यू खडूधारी सर. दोन शंका. आवाज होतो त्याचं काय करता, आमच्या वर्गाच्या भिंतीला लागूनच ऑफिस आहे. आणि पुढे बोलायला तीच तीच चार पोरं येतात त्यावर उपाय?

पेठेतली_बाई

खडूधारींच्या "ओळ दाखवा" ला माझं अनुमोदन, मी पुण्यात सीबीएसईला आहे, तिथे पोरं इंग्रजी फाडफाड बोलतात म्हणून सगळ्यांना वाटतं यांचा प्रश्नच मिटला. छे हो! बोलतात, पण ऐकत नाहीत आणि वाचत तर मुळीच नाहीत. आमच्याकडे एएसएल म्हणून बोलण्या-ऐकण्याची चाचणी असते, त्यातल्या बोलण्यात सगळे तरबेज, ऐकण्यात गडबडतात.

नववीला आमच्या पुस्तकात रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकन कवीची दोन वाटांची कविता आहे, "द रोड नॉट टेकन". कुठल्याही मुलाला विचारा काय अर्थ, तो सांगणार कवी म्हणतोय की कमी लोक जातात ती वाट धरा, धाडस करा, यशस्वी व्हा. पोस्टरवर हेच असतं, गाईडमधे हेच, आईबाबांच्या स्टेटसला हेच. आता कविता उघडून बघा, कवी स्वतःच सांगतो की दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच तुडवलेल्या होत्या आणि त्या सकाळी दोन्हीवर सारखीच पानं पडलेली होती. मग शेवटी तो म्हणतो पुढे कधीतरी मी उसासा टाकून सांगेन की मी कमी वर्दळीची वाट घेतली. म्हणजे हा माणूस आत्ताच ठरवतोय की नंतर गोष्ट कशी रंगवून सांगायची! फ्रॉस्टने ती लिहिली एडवर्ड थॉमस या मित्राची थट्टा म्हणून, तो फिरायला गेल्यावर कायम हळहळायचा की दुसऱ्या वाटेने गेलो असतो तर बरं झालं असतं. १९१५ मधे छापून आली आणि तेव्हापासून लोक ती गंभीर उपदेश म्हणून वाचतायत.

मी हे आधी सांगत नाही. आधी "धाडस करा" वाल्यांना बोलू देते आणि मग म्हणते, दाखवा कुठल्या कडव्यात लिहिलंय. वर्गात भांडण लागतं आणि एकदा का भांडण लागलं की इंग्रजीत बोला असं सांगावं लागत नाही आमच्याकडे, तुमच्याकडे आधी मराठीत लागेल, लागू दे. लिहिलंय काय आणि आपल्याला वाटलं काय यातला फरक ज्याला दाखवता येतो तो पुढे ईमेल पण नीट वाचेल आणि व्हॉट्सॲपवरचं ढकललेलं पण. लातूरकर, तुमच्या ऑफिसात अर्धवट वाचून उत्तर देणारे किती आहेत ते सांगा बघू.

लातूरकर_पुण्यात

😀 त्यावर मी बोलत नाही, इथे ऑफिसातले लोक असू शकतात. ठीक आहे, निम्मा हरलो. पण फोनचं माझं म्हणणं मी सोडत नाही. अनिल होऊन बोलणारी मुलगी उद्या बँकेच्या कस्टमर केअरला फोन करू शकेल याची काही खात्री नाही. समोरचा दिसत नाही, तो भरभर बोलतो, तिथे वेगळी सवय लागते.

आंबोळगडकर

फोनवरून आठवलं. मी रत्नागिरीकडे, लहान शाळा, पटच कमी त्यामुळे साठचा प्रश्न नाही पण लाजाळूपणा भरपूर. मी व्हॉईस नोट घेतो. धड्यातल्या एका पात्राने दुसऱ्याला फोन केलाय असं समजून एक मिनिटाची नोट पाठवायची, मग जोडीदाराने ती ऐकून उत्तराची नोट पाठवायची. ऐकल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुली यात सगळ्यात पुढे, कारण दहादा रेकॉर्ड करून अकरावी पाठवता येते, कुणी हसत नाही. मागून कोंबडे आरवतात, आई "कुणाशी इंग्रजी झाडत्येस गो" म्हणते, ते पण येतं रेकॉर्डिंगमधे.

अडचण एकच, फोन वडिलांचा असतो आणि वडील बोटीवर नाहीतर बागेत, रात्री आठच्या पुढे हातात येतो. आणि काही घरांत अजून रिचार्ज संपलेला असतो. त्यामुळे सक्तीचं करू नका, मार्क त्यावर लावू नका. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी मी माझा फोन मधल्या सुट्टीत व्हरांड्यात देतो.

अबोली_एनजे

न्यू जर्सीत पब्लिक हायस्कूलला इंग्लिश शिकवते, मूळची डोंबिवली. इथे इंग्लिश म्हणजे पोरांची घरचीच भाषा (सगळ्यांची नाही, माझ्या वर्गात स्पॅनिश, गुजराती, अरबी सगळं आहे) तरी प्रश्न तोच आहे हे वाचून गंमत वाटली. कॉमन कोअर नावाची मानकं २०१० मधे आली त्यात वाचन, लेखन यांच्या बरोबरीने बोलणं-ऐकणं हा वेगळा भाग घातलाय, म्हणजे वादाचा निकाल कागदावर लागलाय. वर्गात तरी पोरं गप्पच असतात, इथे भाषा येत नाही म्हणून नाही, चुकीचं बोललो तर काय म्हणतील म्हणून.

पालवी, तीच तीच पोरं बोलतात त्यावर इथे एक करतात, फिशबोल म्हणतात त्याला. आत आठ-दहा जण बसून धड्यावर चर्चा करतात, बाकीचे बाहेरच्या कड्यात. बाहेरच्या प्रत्येकाला आतला एकजण नेमून दिलेला, त्याने फक्त त्याच्याकडे लक्ष ठेवायचं, किती वेळा बोलला, पुस्तकातली ओळ दिली का, दुसऱ्याला प्रश्न विचारला का, मधेच तोडलं का. मग जागा बदलायच्या. मार्क बोलण्याच्या लांबीला नाहीत. जो गप्प बसलेल्याला "तुला काय वाटतं" विचारतो त्याला मिळतात, जो आधीच्याचं म्हणणं पकडून पुढे नेतो त्याला मिळतात. ज्याला बडबडायची सवय आहे तो पहिल्यांदा वैतागतो कारण त्याला कमी पडतात. लातूरकरांनी वर विचारलं ना मधे कसं शिरायचं, ते शिकवता येतं. तीन-चार वाक्यं असतात, "आय अग्री विथ हर बट", "कॅन आय गो बॅक टू", "व्हॉट डू यू मीन बाय". ती कार्डावर लिहून हातात द्यायची, एक वापरलं की ते कार्ड टेबलावर टाकायचं.

तुमची बाकं ठोकलेली आहेत म्हणता तर वऱ्हांडा, झाडाखाली, काहीही चालेल.

एक भांडण मात्र मला खडूधारींशी करायचंय. चुका दुसऱ्या दिवशी सांगणं ठीक, पण जी पोरं पुढे सायन्सला इंग्लिश मीडियममधे जाणार त्यांना नीट लिहायला लागणार आहे, "ही गो" ऐकून टाळ्या वाजवून भागणार नाही. बोललेलं त्याच दिवशी लिहून घ्या, पाच ओळी, नीट क्रियापदांसकट.

खडूधारी

टाळ्या नाही वाजवल्या हो ताई, गप्प झालो एवढंच. पण लिहून घ्यायचं म्हणणं पटलं. आम्ही दुसऱ्या दिवशी गटाकडून मुलाखत लिहून घेतो, प्रश्न-उत्तर स्वरूपात, ती संवाद लेखनाची तयारी होते. एकेकट्याने पाच ओळी हे चांगलं आहे, पण साठ वह्या रोज तपासणार कोण? एका दिवशी एकाच ओळीच्या बाकांच्या वह्या घेतल्या तर जमेल कदाचित.

आवाजाचं: होतो. मी मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवतो की बुधवारी तिसऱ्या तासाला गोंधळ आहे. पाच मिनिटांचा खल असतो तेव्हा फळ्यावर वेळ लिहितो आणि हात वर केला की सगळे हात वर करून गप्प, हे पहिल्या आठवड्यात नुसतं खेळ म्हणून घोटून घ्यायचं. शेजारच्या गणिताच्या सरांना एक चहा पाजून ठेवा.

कोयनाकाठ

मुख्याध्यापकांचं मी सांगतो कारण मी आता पर्यवेक्षक आहे, त्या बाजूने बघतो. त्यांना आवाजाची भीती नसते, कागदाची असते. उद्या वर्ग बघायला कुणी आलं आणि विचारलं हे काय चाललंय तर दाखवायला काहीतरी हवं. तर टाचणात (तासाचं आधी लिहून ठेवायचं नियोजन) त्या तासाला "गोष्टीवर चर्चा" असं मोघम लिहू नका, अध्ययन निष्पत्ती लिहा, विद्यार्थी पात्राच्या कृतीमागचं कारण उताऱ्यातल्या आधाराने सांगतो, प्रश्न विचारतो, वगैरे. कुणाची बोलायची बिशाद नाही. आणि शनिवारच्या तासाला नाही म्हणू नका, हो म्हणा, आणि त्यात हीच खुर्ची ठेवा. साहेबांना स्पोकनचा तास हवाय ना, घ्या म्हणावं, पोरं बोलतायत.

२० मार्कांचं पण तेच. शेवटच्या आठवड्यात साठ जणांची तोंडी घेत बसलात तर प्रत्येकाला धड वेळ मिळणार नाही, म्हणून मग वाटप होतं. वर्षभर दर आठवड्याला एका बाकावरची चार पोरं ठरवून घ्या, त्या आठवड्यात ती प्रश्न विचारताना आणि उत्तर देताना कशी बोलली एवढंच टिपा. एका मोठ्या कागदावर नावं उभी आणि आडव्या चौकटी: प्रश्न विचारला, ओळ दिली, दुसऱ्याचं ऐकून बोलला, आवाज पोचला. अबोली ताईंचं बाहेरचं कडं हेच काम पोरांकडून करून घेतं, ते अजून चांगलं.

रमसाच्या (केंद्राची माध्यमिक शिक्षणाची योजना) वेळी आपल्याकडे चेस नावाची इंग्रजी शिक्षकांची ट्रेनिंग झाली होती ब्रिटिश कौन्सिलबरोबर, इंग्रजीच्या शिक्षकांच्या ईटीएफच्या (इंग्लिश टीचर फोरम) बैठका व्हायच्या, कुणाला आठवतंय का? त्यात यातलं बरंच होतं. आमच्या तालुक्याचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यातून निघालेला अजून जिवंत आहे, बाकी त्यावर आता गुड मॉर्निंगच जास्त.

पेठेतली_बाई

ते गुड मॉर्निंग पण इंग्रजीच आहे की 😄

चैत्रपालवी

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. शनिवारची आयडिया भारी आहे कोयनाकाठ सर, साहेबांना उद्याच हो सांगते. व्हॉईस नोट पण करून बघणार, माझा जुना फोन पडलाय घरी तो शाळेत ठेवता येईल.

आता शेवटचं विचारते मग नाही छळत. आमच्याकडे मुलं एका बाजूला मुली एका बाजूला बसतात आणि एकमेकांशी वर्गात बोलायची पद्धतच नाहीये. मुलांचा गट मुलीला प्रश्न विचारणार म्हटलं की खी खी सुरू होणार आणि ती मुलगी परत कधी पुढे येणार नाही. यावर काय?

खडूधारी

गट मिसळायचा हट्ट धरू नका सुरुवातीला. बाकावर जसे बसतात तसेच चौघे राहू द्या. खुर्चीत पण एकटं बसवू नका, दोघी किंवा दोघं मिळून एक पात्र, एकीला सुचलं नाही तर दुसरी बोलते, आणि हसायला कुणी एक सापडत नाही. प्रश्न पात्राला विचारायचा, "अनिल, व्हाय डिडन्ट यू" असं नावाने, मुलीला नाही. हे पहिल्यांदा विचित्र वाटतं मग पोरं विसरून जातात की समोर कोण बसलंय. आणि जो खी खी करेल तो पुढचा खुर्चीत, हा नियम आधीच जाहीर करायचा, फार गुणकारी आहे.

पहिल्या दिवशी मात्र कुणालाच बोलावू नका. खुर्चीत तुम्ही बसा. बाईंना उलटतपासणी घ्यायला मिळते म्हटल्यावर सगळा वर्ग प्रश्न लिहायला लागतो, आणि उत्तर देताना एकदोनदा मुद्दाम अडखळा, "वेट, लेट मी थिंक" म्हणा, म्हणजे विचार करायला थांबलं तरी चालतं हे त्यांना दिसेल.

चैत्रपालवी

मुद्दाम कशाला, खरंच अडखळेन मी. सोमवारी बसते.